चाक मुकं का झालं: कोथरूडच्या एका गाडीखरेदीचं प्रकरण

टेमघरच्या चढावर तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर वहिनींनी गाडी बाजूला घेतली, दोन्ही हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "ही नको. हिचं चाक मुकं आहे."

गाडी होती २०२० ची बीएमडब्ल्यू ३३०आय एम स्पोर्ट. थ्री सिरीज १९७५ साली आली तेव्हापासून तिच्या स्टेअरिंगचे गोडवे गाणाऱ्यांची फौज आहे, आणि कोथरूडच्या वहिनींचा निकाल हा असा. मागच्या सीटवर डॉक्टर खूश. त्यांच्या मनात पहिल्यापासून ऑडी होती; फक्त ते बायकोच्या तोंडून यायला हवं होतं.

मी काहीच बोललो नाही. आधीच्या फेरीत चाक माझ्या हातात असताना मलाही तेच वाटलं होतं, आणि ते कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

माझं वारज्यात अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं वर्कशॉप आहे. पंचवीस वर्षं लोकांच्या गाड्यांची चाकं सरळ करतोय. जुनी गाडी घ्यायची असली की "जरा बघून द्या" म्हणून बोलावणं येतं. त्यातलं अर्धं काम ओळखीखातर होतं, अर्धं पैशासाठी. हे प्रकरण लिहून काढायचं कारण एवढंच, की यात मी जवळजवळ चुकलो होतो, आणि चूक पकडायला लागणारी वस्तू सगळा वेळ माझ्याच खिशात होती.

कोणाला, कशासाठी

डॉक्टर दातांचे. वहिनींचं माहेर वाईचं. वडील ऐंशीच्या पुढे गेलेत, त्यामुळे दर दुसऱ्या शनिवारी वाईची फेरी ठरलेली, आणि गाडी चालवणार वहिनीच. डॉक्टर कात्रजचा बोगदा यायच्या आत झोपतात. म्हणजे वर्षातून पंचवीस वेळा खंबाटकी चढायचा, सुरूर फाट्याला आत वळायचं, कधी पाहुण्यांना घेऊन पसरणी घाटाने पाचगणी गाठायची, आणि येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते बदनाम वळण. लोक घाटात हौसेने जातात. या बाईला घाट म्हणजे माहेरची वाट.

वहिनी गाडी शिकल्या वडिलांच्या मारुती ८०० वर. पॉवर स्टेअरिंग नाही. पार्किंग करताना दंड भरून यायचे, पण चाकाखाली वाळू आली तर ती बोटांना कळायची. मग अकरा वर्षं होंडा सिटी. आता पस्तीस लाखांच्या आत, चार-पाच वर्षं वापरलेली का होईना, पण चांगली सेडान. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं, "दादा, ती पळते किती ते मला नका सांगू. रस्ता ओला आहे की कोरडा, हे मला चाकातनं कळलं पाहिजे."

स्टेअरिंग फीलची याहून नेमकी व्याख्या मी कुठे ऐकलेली नाही. भल्याभल्या शौकिनांकडूनसुद्धा.

शेवटी तीन गाड्या उरल्या. एक ही ३३०आय: जी२० पिढी, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २५८ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, ताकद मागच्या चाकांना. दुसरी २०२१ ची ऑडी ए४, १९० हॉर्सपॉवर, ३२० न्यूटन मीटर. ऑडी म्हटलं की लोक क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद, गृहीत धरतात. पण आपल्याकडे विकली गेलेली ही ए४ पुढच्या चाकांवर चालणारी आहे, आणि हे डॉक्टरांना माझ्याकडून कळलं. तिसरी २०१९ ची मर्सिडीज सी २२० डी, डब्ल्यू२०५ पिढीची, १९४ हॉर्सपॉवरचं डिझेल, ताकद मागे. ही तर आपल्या चाकणलाच जुळवलेली. ए४ शेंद्र्याची, बीएमडब्ल्यू चेन्नईची.

तिघींचे व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, अनुक्रमे २८५१, २८२० आणि २८४० मिलिमीटर. सगळा मिळून ३१ मिलिमीटरचा फरक, म्हणजे दोन बोटं. किमतीही जवळपास. कागदावर बघितलं तर या बहिणी वाटतात, आणि म्हणूनच लोक बॅज बघून निकाल लावतात.

यादीत चौथं नाव होतं जॅग्वार एक्सईचं. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन आडव्या दांड्यांनी धरणारं डबल विशबोन सस्पेन्शन, अंगात भरपूर ॲल्युमिनियम. इलेक्ट्रिक स्टेअरिंगचं वजन इतकं गोड जमलेलं मी फार कमी गाड्यांत बघितलंय. पण मनाजोगी मिळाली नाही. विषय तिथेच संपला.

पहिली फेरी

जूनअखेरचा मंगळवार मुद्दाम धरला. शनिवार-रविवारी तो रस्ता भाजलेल्या कणसांचा आणि सेल्फीवाल्यांचा असतो. सकाळी सहाला कोथरूड सोडलं. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, तिथून डावीकडे उरवडे, मुठा आणि पुढे टेमघर धरणाच्या अंगाने लवासाचा चढ. तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या गाड्या एकाच सकाळी मुठ्यात आणायला माझे चार दिवस आणि बरेच जुने उपकार खर्ची पडले. प्रत्येक गाडीबरोबर त्या-त्या विक्रेत्याचा एकेक पोरगा, आणि तिघेही एकमेकांकडे संशयाने बघणारे.

पद्धत साधी ठेवली. चढाचा एकच टप्पा, तिन्ही गाड्यांत आधी मी, मग वहिनी. गाणी बंद, एसी मंद, फोन डॉक्टरांकडे. वेग ताशी चाळीस-पन्नास. हँडलिंग कळायला गाडी पळवावी लागते हा गैरसमज आहे. चाक फिरवायला सुरुवात केल्यावर पहिल्या पाव सेकंदात गाडीचं नाक काय करतं, हे पन्नासच्या वेगातही कळतं. आणि टेमघरच्या ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त वेग घेणाऱ्याला मी गाडीत बसवतच नाही.

ऑडी हलकी, नीटनेटकी. चाक एका बोटाने फिरतं, गाडी सांगाल तिथे जाते, आवाज नाही, कुरकुर नाही. मर्सिडीज संथ. सरळ रस्त्यावर चाक मधोमध स्वस्थ बसलेलं, वळणात थोडी जास्त कलते, पण कलते ती एका लयीत. दोघींबद्दल वहिनींचा शेरा "बरी आहे" एवढाच. कोथरूडमध्ये "बरी आहे" ही बऱ्यापैकी मोठी पसंती असते.

बीएमडब्ल्यू मात्र वेगळीच वागली. सरळ पट्ट्यावर वहिनींचे हात सारखे चालू: थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, परत डावीकडे. रस्त्याला लांबीच्या दिशेने डांबराचा जोड असला की गाडी त्या जोडाच्या मागे जायची. वळणात चाक फिरवलं की क्षणभर काहीच नाही, मग एकदम नाक आत. खड्डे बुजवलेल्या ठिगळांवर पुढचा भाग टणटण उडायचा. मी म्हटलं, स्पोर्ट मोड लावून बघा. लावला. शंभरेक मीटर गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "जड झालं. पण बोललं काहीच नाही." आणि गाडी बाजूला घेतली.

जड चाक आणि बोलकं चाक

त्यांचं ते वाक्य मला टोचलं, कारण त्यात या विषयातली सगळ्यात मोठी गल्लत पकडलेली होती.

चाकाचं वजन कुठून येतं? मारुती ८०० मध्ये ते थेट टायरकडून यायचं. मध्ये रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दातेरी पट्टी, आणि दांडा, बाकी कोणी नाही. हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगमध्ये इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाचा दाब देतो. दांड्यात एक बारीक लवचिक सळई असते. तुम्ही चाक फिरवलं की ती पिळली जाते, त्या पिळाने झडप उघडते आणि तेल मदतीला येतं. रस्त्याचे हादरे त्या तेलातून थोडे गाळून, पण वर येतात. आता पंप नाही, तेल नाही. पीळ मोजणारा सेन्सर, हिशोब करणारा संगणक आणि रॅकवर बसवलेली मोटर. पंप कायम फिरत नाही म्हणून इंधन वाचतं, आणि गाडीला स्वतःहून पार्क व्हायचं तर चाक फिरवायला मोटर हवीच. पण हातातलं वजन आता बरंचसं संगणकाने ठरवलेलं असतं. स्पोर्ट मोड म्हणजे संगणकाला "मदत जरा कमी कर" असं सांगणं. त्याने चाक जड होतं. रस्त्याची बातमी त्यामुळे वाढत नाही.

जुन्या चाहत्यांचा बीएमडब्ल्यूवरचा राग इथलाच. १९९८ ला आलेल्या थ्री सिरीजच्या ई४६ पिढीचं हायड्रॉलिक स्टेअरिंग ज्यांनी हाताळलंय, त्यांनी २०११ च्या एफ३० पिढीच्या इलेक्ट्रिक स्टेअरिंगवर भरपूर कुरकुर केली. जी२० त्याहून नेमकी आहे. पण ई४६ चालवलेल्या माणसाशी या विषयावर वाद घालू नये. तो चहा गार होईपर्यंत बोलतो.

मग बातमी येते कशातून? ऑफिसच्या फिरत्या खुर्चीचं छोटं चाक बघा. खुर्ची ढकलली की ते आपोआप मागे पडून सरळ होतं, कारण त्याचं टेकण त्याच्या दांड्याच्या मागे असतं. गाडीच्या पुढच्या चाकांना तशी थोडी पिछाडी भूमितीतच दिलेली असते, तिला कॅस्टर म्हणतात. त्यात भर घालतो खुद्द टायर. वळताना रबराचा जो तळहाताएवढा ठिपका रस्त्याला चिकटलेला असतो, त्याच्यावरचा बाजूचा जोर ठिपक्याच्या मधोमध न लागता थोडा मागच्या बाजूला लागतो. त्यामुळे टायर सतत सरळ व्हायला बघतो, आणि ते बघणं आपल्याला चाकाच्या ओढीतून कळतं.

यातली खरी गंमत पुढे आहे. पकड संपत आली की ही ओढ पकडीच्या आधीच कमी व्हायला लागते. गाडी घसरण्यापूर्वी चाक किंचित हलकं पडतं. वहिनींना चाकातून "रस्ता ओला आहे" हे कळायला हवं होतं, ते हेच हलकं पडणं. मारुती ८०० ने त्यांना ते वीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं, नाव न सांगता.

आता ठिपकाच आखूड झाला तर? ओढ मुळातच कमी. मग हलकं पडायला उरतंच काय?

हे सगळं मला मुठ्याच्या टपरीवर, अर्धा कप चहा संपल्यावर सुचलं. पंचवीस वर्षांच्या अनुभवी माणसाला ते गाडीत बसण्याआधी सुचायला हवं होतं.

खिशातला गेज

टायरमधली हवा मोजायचा गेज मी कायम खिशात बाळगतो, लोक पेन बाळगतात तसा. उठलो आणि बीएमडब्ल्यूच्या पुढच्या उजव्या टायरला लावला. ४६ पीएसआय.

टायर तेव्हा गरम होते. घाट चढून आलेल्या टायरचा आकडा तीन-चारने फुगलेला असतो, त्यावर काही ठरवायचं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रेत्याच्या आवारात गाडी जागेवरून हलवण्याआधी परत मोजलं: ४३, ४२, ४४, ४२. दाराच्या खांबावरचं स्टिकर बघितलं. त्यावर दोन माणसांसाठी वेगळा आकडा असतो आणि पाच माणसं अधिक सामान यासाठी वेगळा. आम्ही तिघं आणि तो पोरगा होतो. स्टिकरच्या हिशोबाने हवा सात-आठने जास्त. आवारातल्या माणसाला विचारलं तर तो सहज म्हणाला, "गाडी महिनोन्‌महिने उभी असते साहेब. जास्त भरून ठेवली की परत बघावं लागत नाही."

त्याचं चूक नाही, तो गाडी उभी ठेवतो. चूक चालवून बघणाऱ्याची.

मग गुडघ्यावर बसून टायरच्या कडा वाचल्या. कडेवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. मागच्या दोन्ही टायरांवर ४८१९, म्हणजे २०१९ चा अठ्ठेचाळिसावा आठवडा. मूळचे रनफ्लॅट. पुढच्या दोन्हींवर २२२३, कंपनी वेगळी, आणि रनफ्लॅट नाहीत, साधे. कोणीतरी पुढचे झिजलेले टायर बदलताना पैसे वाचवले होते. रनफ्लॅटची भिंत जाड आणि ताठ, कारण हवा गेली तरी गाडी तिच्यावर उभी राहायची असते. म्हणजे या गाडीच्या पुढच्या पायात चप्पल आणि मागच्या पायात बूट. चाक फिरवल्यावर पुढच्या टायरची मऊ भिंत आधी वाकायची, मग गाडी वळायची. तो "क्षणभर काहीच नाही" तिथे होता.

हवा उतरवायला दहा मिनिटं लागली. लगेच वारज्याच्या सर्व्हिस रोडने एक चक्कर मारली. टणटण गेली, चाकाला थोडा जीव आला. पण भटकणं तसंच.

विक्रेत्याला म्हटलं, गाडी माझ्या रॅम्पवर चढवू द्या, बिल मी देतो. तो तयार झाला. मशिनच्या कागदावर पुढचा टो, म्हणजे चाकांची तोंडं आत की बाहेर याचा कोन, लाल रंगात: दोन्ही चाकं बाहेरच्या बाजूला फाकलेली, डावं जास्त. कधीतरी खड्ड्यात जोरात आदळली असणार. चाकं फाकलेली असली की प्रत्येक चाक आपल्याच दिशेने निघतं, आणि ज्याच्याखाली जरा जास्त पकड येईल ते गाडीला ओढून नेतं. डांबराच्या जोडामागे जाणं म्हणजे हेच. बॉल जॉइंट, टाय रॉड, लोअर आर्मचे बुश सगळं हाताने हलवून बघितलं, कुठेही प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही. टो सरळ केला, स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर पुन्हा शून्यावर आणला. ते विसरलं तर संगणकाला कायम वाटत राहतं की गाडी वळतेय. दीड तासाचं काम. टायर मात्र दुसऱ्याच्या मालकीच्या गाडीचे, ते बदलता येत नव्हते.

न्यायाने बाकीच्या दोघीही तपासल्या. ऑडीचे चारही टायर एका कंपनीचे, एका महिन्याचे, हवा जवळजवळ बरोबर. मर्सिडीजच्या मागच्या दोन टायरांत हवा तीनने कमी, बाकी ठीक. म्हणजे पहिल्या फेरीत आम्ही एका धडधाकट गाडीची, एका किंचित आळसावलेल्या गाडीची आणि एका आजारी गाडीची तुलना केली होती, आणि त्यावरून तीन कंपन्यांच्या इंजिनिअरांचे मार्क लावले होते.

दुसरी फेरी

पुढच्या मंगळवारी परत तोच चढ. या वेळी क्रम उलटा, आणि पाऊस चांगलाच लागलेला. डॉक्टर नाखुशीने आले. त्यांच्या मते निकाल लागला होता. तिन्ही गाड्यांत हवा सकाळीच माझ्यासमोर स्टिकरप्रमाणे केली.

मर्सिडीज आधी. मागच्या टायरांत हवा आल्यावर तिचं मागचं अंग जरा कामसू झालं. तिच्या रॅकचे दात असे कापलेले असतात की मधोमध चाक संथ आणि जास्त फिरवलं की चपळ. एक्सप्रेसवेवर हे फार सुखाचं. दोन तास चालवूनही खांदे दुखत नाहीत. घाटात मात्र सुरुवातीचे काही अंश ती विचार करते. करून झाला की वळते, आणि वळल्यावर ताकद मागून येत असल्याने चाकात कसलीही ओढाताण नाही. खराब रस्त्यावर तिच्याइतकी शांत बाकीची कोणी नव्हती. वहिनींचा शेरा: "बाबांना घेऊन जायला हीच."

मग ऑडी. पहिल्या फेरीत जे दिसलं नव्हतं ते या पावसात दिसलं. ए४ चं इंजिन लांबट बसवलेलं आणि बरंचसं पुढच्या चाकांच्याही पुढे. आधीच्या, म्हणजे २००७ च्या बी८ पिढीत ऑडीने पुढची चाकं १५४ मिलिमीटर पुढे सरकवून यावर बराच इलाज केला, तरी निम्म्याहून बरंच जास्त वजन पुढेच राहतं. सपाटीवर ते कामाचं, ओल्या सरळ रस्त्यावर ए४ अगदी रुळावरून चालते. चढावर वजन मागे सरकतं, आणि ओढायचं काम पुढच्या चाकांचं. तीव्र वळणातून बाहेर पडताना वहिनींनी ॲक्सिलरेटर दाबला तशी आतल्या बाजूचं पुढचं चाक सुरसुरलं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, चाक हातात हलकं पडलं आणि मग ब्रेकच्या मदतीने सावरताना किंचित झटका. धोका काहीच नव्हता, इलेक्ट्रॉनिक्सने सगळं सांभाळलं. पण वळायचं आणि ओढायचं, दोन्ही कामं त्याच दोन टायरांकडून करून घेतली की दोन्हींची बातमी एकत्र कालवून येते. उतरताना हीच गाडी सगळ्यात निर्धास्त वाटली, हेही लिहायला हवं.

शेवटी बीएमडब्ल्यू. सरळ पट्ट्यावर वहिनींचे हात स्थिर. पहिल्या वळणात चाकाची ओढ वळणाबरोबर वाढत गेली आणि सुटतानाही तितक्याच शिस्तीत उतरली. पुढे कड्यावरून लाल माती रस्त्यावर वाहून आली होती. धुकं असल्याने ती मला दिसली नव्हती. वहिनींनी पाय उचलला.

"काय झालं?"

"इथे चिखल आहे. चाक हलकं पडलं."

त्यानंतर दोन सेकंदांनी लाल पट्टा काचेतून दिसला. मागे डॉक्टरांनी फोन खाली ठेवला.

नाक वळवण्यातली ती क्षणभराची ढिलाई अजून होतीच, आधीपेक्षा कमी. ती मऊ टायरांची, आणि टायर जुळले की जाईल, असं मी सांगितलं. इंजिन पुढच्या चाकांच्या मागे ढकललेलं, वजन दोन्ही बाजूंना जवळजवळ निम्मं-निम्मं, ढकलण्याचं काम मागच्या चाकांकडे. पुढच्या टायरांना फक्त वळायचं असतं. या रचनेचा फायदा चढाच्या ओल्या वळणात जितका स्वच्छ दिसतो तितका माहितीपत्रकात दिसत नाही.

आता माझं मत. नेमकेपणात ३३०आय पहिली, यात मला शंका उरली नाही. बोलकेपणात तिघींपैकी कोणीही ई४६ च्या जवळ जात नाही, आणि त्यातल्या त्यात बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज यांच्यातलं अंतर लोक सांगतात त्यापेक्षा बरंच कमी आहे. मर्सिडीज हळू बोलते, पण खोटं बोलत नाही. ऑडीचं चाक सगळ्यात नीटनेटकं आणि सगळ्यात कमी बोलणारं. रोज डेक्कनच्या गर्दीतून जाणाऱ्याला मी ऑडीच सुचवेन. गर्दीत चाकाने काय बोलायचंय?

सौदा आणि त्यानंतर

वहिनींनी बीएमडब्ल्यू घेतली. अलाइनमेंटचा लाल कागद आणि टायरांच्या शिक्क्यांचे फोटो टेबलावर ठेवल्यावर विक्रेत्याने चारपैकी दोन टायरांचे पैसे कमी केले. आधी तो म्हणत होता, "टायर तर नवेच आहेत की पुढचे." नवे होते हे खरंच.

टायरांवरून घरात आठवडाभर चर्चा. माझं म्हणणं चारही साधे घ्या, गाडी मऊ चालेल. डॉक्टरांचं म्हणणं रनफ्लॅट. या गाडीत स्टेपनी नव्हती, आणि रात्री दहाला खंबाटकीत पंक्चर झालं तर जॅक लावायचा कोणी? या एका मुद्द्यावर डॉक्टर बरोबर होते. चारही रनफ्लॅट, एका कंपनीचे, एका मापपत्रकाप्रमाणे बसवले. बसवल्यावर परत अलाइनमेंट, परत एक चक्कर. नाक वळवण्यातली ढिलाई गेली.

मी वहिनींना बजावून ठेवलं होतं की गाडी कडक होईल, महिनाभरात तुम्हीच तक्रार कराल. त्यांनी केली नाही. तक्रार आली डॉक्टरांची: पूर्वी वाईपर्यंत झोप व्हायची, आता शिरवळच्या आधीच जाग येते.

ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी सकाळी वहिनींचा फोन. सुरूर फाट्याच्या अलीकडे गाडी उभी केली होती.

"दादा, मघाशी पंपावर हवा भरून घेतली. खंबाटकी चढताना चाक परत मुकं."

"गेज दिलाय ना तुम्हाला? आहे गाडीत?"

"आहे. लावला. एकेचाळीस."

"गरम आहे टायर, त्यातले तीन-चार सोडून द्या हिशोबातून. तरी जास्तच आहे. चारही चाकांतून थोडी थोडी उतरवा, उद्या सकाळी गार असताना परत बघा."

हवा सुटल्याचा फुस्स आवाज फोनमध्ये ऐकू आला. पाठोपाठ मागच्या सीटवरून डॉक्टरांचा: "काय गं, आली का वाई?"